गुरुकन्येशीं सामना

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिचें निमित्त होऊन हा लेख लिहिला जात आहे. आमच्या पुतण्याची धाकटी कन्या, वय वर्षें नऊ, एका क्रीडामंडळाच्या टेनिसच्या वर्गांत नांव घालावें म्हणून निवड-चांचणीस गेली होती. सायंकाळीं परत आली ती कोणाशीं एक अक्षर न बोलतां माजघरांत जाऊन बसली. पुष्कळ विचारल्यावर कळलें कीं, "हात कच्चा आहे" एवढेंच सांगून तिला परत पाठविलें. झालें! घरांत लागलीच दोन पक्ष पडले. आमच्या वहिनी म्हणाल्या, "बरें झालें, सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे." पुतण्या म्हणाला, "कोणाची ओळख निघते का पाहूं." आम्हांस दोन्ही बोलणीं रुचलीं नाहींत, परंतु तिसरें काय बोलावें तेंही सुचेना. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्या मुलीचा थोरला भाऊ दूरचित्रवाणीचा पडदा लावून आम्हांस म्हणाला, "आजोबा, हा सामना तिला दाखवूं या. ह्यांतल्या एका बाईला लहानपणीं दोन ठिकाणांहून परत पाठविलें होतें."

तो सामना २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमधील महिलांच्या टेनिसचा, अंतिम फेरीचा. शाळेच्या मैदानावर इतरांस खेळतांना पाहिलें, एवढाच आमचा ह्या खेळाशीं संबंध. तथापि तो सामना आम्हीं शेवटपर्यंत पाहिला, आणि पुढें चार-आठ दिवस त्या रशियन बाईचें चरित्र मिळेल तेथून वाचून काढलें. घरोघरच्या वडील मंडळींनीं आणि आमच्या शिक्षकबंधूंनीं मनन करावें असें त्यांत कांहीं आहे, म्हणून तें येथें सादर करीत आहों.

एलेना डेमेंटिएव्हा हिचा जन्म १५ ऑक्टोबर १९८१ रोजीं मॉस्को शहरीं झाला. वडील विजेच्या कामाचे अभियंते, आई शिक्षिका. म्हणजे आपल्याकडे ज्याला शिकलेलें घर म्हणतात तसें तें घर होतें. आईबाप दोघेंही हौसेनें टेनिस खेळत. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हां तिला चांगल्या ठिकाणीं शिकवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या काळच्या सोव्हिएट राज्यांत खेळांचे मोठे क्लब एकेका खात्याशीं जोडलेले असत. सैन्याचा एक मध्यवर्ती क्लब होता. डायनॅमो नांवाचा क्लब पोलीस व गृहखात्याचा. स्पार्टक हा कामगार संघांच्या आश्रयाचा. सैन्याच्या क्लबानें ह्या मुलीस घेतलें नाहीं. डायनॅमोनेंही घेतलें नाहीं. तिसऱ्या दाराशीं, म्हणजे स्पार्टकच्या दाराशीं, ती उभी राहिली तेव्हां मात्र तें दार उघडलें.

त्या दिवसांत मुलांना टेनिसकडे नेण्याची ही ओढ रशियांत कोठून आली, हेंही पाहण्याजोगें आहे. १९२४ नंतर टेनिस हा खेळ ऑलिंपिकच्या पदकांच्या यादींतून गेला होता, आणि ज्या खेळांत पदक नाहीं त्या खेळाकडे सोव्हिएट सरकारचें लक्ष बेताचेंच असे. तरीही ओल्गा मोरोझोव्हा नांवाची खेळाडू १९७४ सालीं फ्रेंच व विंबल्डन ह्या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचली होती. परंतु तिच्यामागून लगेच दुसरी कोणी आली नाहीं. १९८८ सालीं सोल येथें टेनिस पुनः ऑलिंपिकमध्यें आलें, आणि चित्र पालटलें. पुढें १९९१ सालीं सोव्हिएट राज्य मोडलें व अध्यक्षपदीं बोरिस येल्त्सिन आले. ते स्वतः ह्या खेळाचे मोठे भोक्ते होते. राज्य बदललें, नाणें घसरलें, दुकानें रिकामीं झालीं. पण मैदानावर रॅकेट घेऊन येणाऱ्या मुलींची रांग मात्र वाढतच गेली.

सोकोल्निकी भागांतील ह्या स्पार्टक क्लबाचें वर्णन वाचून आम्हांस आमच्या बाळपणींची संस्कृत पाठशाळा आठवली. ऐश्वर्य असें तेथें कांहींच नव्हतें. मॉस्कोचा हिवाळा किती कडक असतो तें सर्वांस ठाऊक आहे. त्या हिवाळ्यांत खेळण्यास छपराखालचें मैदान तेथें एकच. मुलें अनेक आणि मैदान एक, मग शिकवावयाचें कसें? तेथील शिक्षकांनीं एक रीत बसविली होती. तिला 'इमितात्सिया', म्हणजे अनुकरण, असें नांव आहे. मुलांनीं ओळीनें उभें राहावयाचें, हातांत रॅकेट घ्यावयाची, आणि चेंडू नसतांनाच फटका मारावयाचा. तोही अगदीं संथपणें. पाय कोठें पडला, खांदा किती वळला, मनगट कोठें थांबलें, हें शिक्षक जवळ येऊन हातानें धरून नीट करीत. चेंडू नंतर. सामने तर फारच नंतर. आम्हीं लहानपणीं अर्थ कळण्यापूर्वीं शब्दरूपावली घोकली, तेव्हां लोक त्यास पोपटपंची म्हणत. परंतु पुढें काव्य हातीं आलें तेव्हां विभक्तीपाशीं आमचें अडलें नाहीं. स्पार्टकच्या मुलांचेंही तसेंच झालें असावें.

ह्या क्लबांत रौझा इस्लानोव्हा नांवाच्या एक शिक्षिका होत्या. स्वतः चांगल्या खेळाडू. त्यांचे यजमान मिखाईल साफिन हे त्याच क्लबाचे व्यवस्थापक. ह्या बाईंनीं सात वर्षांच्या एलेनेस आपल्या हाताखालीं घेतलें. त्यांच्या वर्गांत त्या वेळीं अनास्तासिया मिस्किना नांवाची दुसरी एक मुलगी होती. बाईंचा स्वतःचा मुलगा मरात तेथेंच खेळे. आणि मुलगी दिनारा अवघी तीन-चार वर्षांची होती. वाचकांनीं हीं नांवें ध्यानांत ठेवावीं, कारण पुढें त्यांचें काम पडणार आहे. एलेना ह्या बाईंपाशीं तीन वर्षें शिकली. अकराव्या वर्षीं ती सैन्याच्या क्लबांत गेली. होय, ज्या क्लबानें तिला पूर्वीं परत पाठविलें होतें, त्याच क्लबांत! दारें तींच होतीं. मधल्या काळांत एका बाईनें तिचा हात पक्का करून दिला होता.

पुढील प्रगति आम्ही थोडक्यांत सांगतों. ऑगस्ट १९९८ मध्यें, सोळा वर्षांची असतांना, ती व्यावसायिक खेळाडू झाली. १९९९ सालीं देशादेशांमधील महिलांच्या फेड चषकाच्या अंतिम लढतींत अमेरिकेनें रशियाचा पराभव केला. त्या लढतींत रशियास जो एकच गुण मिळाला तो ह्या सतरा वर्षांच्या मुलीनें व्हीनस विल्यम्स हिला हरवून मिळविला. २००० सालीं अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरींत ती पोंचली आणि त्याच वर्षीं सिडनी ऑलिंपिकमध्यें तिला रौप्यपदक मिळालें. एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींचें हें यश आहे. येथपर्यंत चरित्र सरळ रस्त्यानें जातें. आणि येथेंच तें वळण घेतें.

टेनिस न जाणणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. खेळ सुरू करणाऱ्यानें चेंडू स्वतःच्या हातानें वर उडवून समोरच्या ठराविक चौकोनांत मारावयाचा, ह्यास सर्व्हिस म्हणतात. एकदां चुकली तर दुसरी संधि मिळते. दुसरीही चुकली तर त्यास 'डबल फॉल्ट' म्हणतात, आणि गुण प्रतिपक्षास फुकट जातो. बाकीचे सर्व फटके म्हणजे समोरून आलेल्या चेंडूस दिलेलें उत्तर. सर्व्हिसला मात्र कोणी प्रश्न विचारलेला नसतो. तें आपण होऊन उच्चारावयाचें पहिलें वाक्य आहे. तेथें घाई करणारें कोणी नाहीं, अडविणारें कोणी नाहीं, आणि चुकल्यास दोष देण्यासही कोणी नाहीं. म्हणूनच ज्याचें मन एकदां तेथें बिचकलें, त्याचें तें सहसा ताळ्यावर येत नाहीं.

एलेनेच्या खांद्यास इजा झाली, आणि खांदा सांभाळतां सांभाळतां तिची सर्व्हिस बिघडली. खांद्यास ताण पडूं नये म्हणून चेंडू बाजूस उडवावयाचा व तो कापल्यासारखा हलकेंच मारावयाचा, अशी तिला संवय लागली. दुखणें गेलें; संवय राहिली. तिचा उजव्या हाताचा फटका जगांतील उत्तम फटक्यांत मोजला जाई. डाव्या बाजूचाही तितकाच भरंवशाचा. धांवण्यांत तिला दमविणें कठीण. अशा खेळाडूची सर्व्हिस मात्र एखाद्या नवशिक्या मुलीसारखी. प्रतिस्पर्धी पुढें सरकून उभ्या राहत, प्रेक्षक श्वास रोखीत, वर्तमानपत्रें तीच गोष्ट वर्षानुवर्षें लिहीत. स्टेडियममध्यें हजारों माणसें आणि पडद्यासमोर लक्षावधि, त्यांच्या देखत आपली एकच उणीव दर दोन-चार मिनिटांनीं उघडी करून दाखवावयाची, हें काम किती कठीण असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

२००४ सालीं जूनमध्यें पॅरिस येथील फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरींत ती पोंचली. समोर कोण? स्पार्टकच्या त्याच वर्गांतली अनास्तासिया मिस्किना! एका बाईंच्या हाताखालीं शिकलेल्या दोन मुली, आणि टेनिसच्या चार महास्पर्धांपैकीं एकीचा अंतिम सामना. दोन्ही बाजूंस रशियन असलेला असा तो पहिलाच. परंतु एलेनेचा हात त्या दिवशीं चालेना. डबल फॉल्टवर डबल फॉल्ट होत गेले आणि एका तासाच्या आंत ६-१, ६-२ असा निकाल लागला. महास्पर्धा जिंकणारी पहिली रशियन महिला हा मान मिस्किनेस मिळाला. त्याच वर्षीं ११ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तेथेंही एलेना पोंचली आणि तेथेंही दुसऱ्या एका रशियन मुलीनें, स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिनें, तिला ६-३, ७-५ असें हरविलें. मधल्या जुलै महिन्यांत सतरा वर्षांच्या मारिया शारापोव्हानें विंबल्डन जिंकलें होतें. एका वर्षांत तीन रशियन मुली तीन महास्पर्धा जिंकतात, आणि दोन अंतिम सामन्यांत हरणारी मात्र एकच राहते! असें वर्ष कोणाच्याही वाट्यास येऊं नये.

आतां पुढें तिनें काय केलें, तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. तिनें त्या सर्व्हिसवर खटपट सोडली नाहीं. दुसऱ्या वेळचा चेंडू हळूहळू पूर्वीपेक्षां बरा पडूं लागला. पण ती उणीव पूर्ण गेली असें कधींच झालें नाहीं. तेव्हां तिनें दुसरा उपाय केला. जें गेलें आहे तें इतर ठिकाणीं दुप्पट भरून काढावयाचें. आपल्या सर्व्हिसचा गुण गेला तर प्रतिपक्षाच्या सर्व्हिसवर तो परत मिळवावयाचा. त्यासाठीं अधिक धांवावयाचें, अधिक वेळ टिकावयाचें. सप्टेंबर २००५ मध्यें फेड चषकाचा अंतिम सामना पॅरिस येथें, ज्या मैदानावर तिची एवढी फजिती झाली होती त्याच क्रीडांगणांत, फ्रान्सविरुद्ध झाला. मेरी पिअर्स हिला तिनें एकेरींत हरविलें, अ‍ॅमेली मॉरेस्मो हिला हरविलें, आणि मग दिनारा साफिना हिला बरोबर घेऊन दुहेरीचा सामनाही जिंकला. रशियानें ती लढत ३-२ अशी जिंकली. तिन्ही गुणांत हात एलेनेचा.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगणें भाग आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. स्मरणशक्ति अशी कीं, एकदां ऐकलेला श्लोक दुसऱ्या दिवशीं बिनचूक लिहून दाखवी. पण बोलतांना अडखळे. पहिलें अक्षर ओठांवर येऊन थांबे. एकदां तें सुटलें म्हणजे पुढचें सारें सुरळीत. वार्षिक संमेलनांत पाठांतरासाठीं त्यानें आपण होऊन नांव दिलें. आम्हीं तें खोडलें. मुलें हंसतील, पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होईल, असा आमचा विचार. त्याला म्हटलें, "पुढच्या वर्षीं पाहूं." पुढच्या वर्षीं त्यानें नांवच दिलें नाहीं, आणि आम्हांस सुटल्यासारखें वाटलें. पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत तो भेटला. आतां त्याचा छापखाना आहे. वाकून नमस्कार केला, मुलाबाळांची ओळख करून दिली, आणि बोलतां बोलतां हंसत म्हणाला, "गुरुजी, अडखळण्याची मला लाज नव्हती. तुम्हांला माझी लाज वाटली, ती लागली." आम्ही काय उत्तर देणार? त्याचा दोष पहिल्या अक्षरापुरता होता. आमचा त्याहून मोठा होता.

असो. बीजिंगकडे वळूं. ऑगस्ट २००८ मध्यें एलेना सव्वीस वर्षांची होती. सिडनीच्या रौप्यपदकास आठ वर्षें होऊन गेलीं होतीं. उपांत्यपूर्व फेरींत तिनें सेरेना विल्यम्स हिला, पहिला सेट हरल्यावर, मागें टाकलें. उपांत्य फेरींत व्हेरा झ्वोनारेव्हा हिला. आणि १७ ऑगस्टच्या अंतिम सामन्यांत जाळीपलीकडे उभी होती दिनारा साफिना, रौझा इस्लानोव्हा बाईंची कन्या! जिला एलेनेनें क्लबांत बाळपणीं बागडतांना पाहिलें असेल, तीच आतां उंच, धिप्पाड आणि ऐन भरांत आलेली. शिवाय त्याच वर्षीं फ्रेंच स्पर्धेंत ह्याच साफिनेनें, एलेना विजयापासून एकाच गुणाच्या अंतरावर असतांना, तिच्या हातचा सामना ओढून नेला होता.

पहिला सेट साफिनेनें ६-३ असा घेतला. दुसरा बराच वेळ समसमान चालला. आमच्या घरीं तोंपर्यंत वहिनीही पदर खोंचून पडद्यासमोर येऊन बसल्या होत्या. एलेना सर्व्हिसला उभी राहिली कीं, आमची नात मूठ आवळून बसे. पण त्या दिवशीं विचित्र असें घडलें कीं, सर्व्हिसनें घात केला तो साफिनेचा. एलेना आपली मोडकीतोडकी सर्व्हिस कशीबशी चौकोनांत टाकी आणि मग धांवूं लागे. तिला तशा स्थितींत खेळण्याची वर्षानुवर्षांची संवय होती. बलवान गुरुकन्येस नव्हती. ७-५, आणि मग ६-३. एलेना गुडघ्यांवर कोसळली. तिघी रशियन मुली तीन पदकें घेऊन उभ्या राहिल्या. मधल्या सर्वांत उंच पायरीवर, दोन दारांवरून परत पाठविलेली मुलगी.

त्या दिवशीं रौझाबाईंच्या मनाची काय स्थिति झाली असेल, हा विचार आमच्या डोक्यांतून जात नाहीं. पोटची मुलगी हरली. हातची शिष्या जिंकली. रडावें कीं हंसावें? आमचे गुरुजी सांगत असत कीं, माणसानें सर्वांस जिंकण्याची इच्छा धरावी, पण शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी धरावी. पराभव स्वतःचा न होतां आपल्या मुलीचा झाला तर त्या वचनाचा अर्थ कसा लावावा, हें त्यांनीं सांगितलें नव्हतें. दिनारेविषयींही न्यायानें सांगितलें पाहिजे: पुढल्याच वर्षीं, एप्रिल २००९ मध्यें, ती जगांत पहिल्या क्रमांकावर आली. भाऊ मरात हा २००० सालींच त्या पदावर चढला होता. ज्या आईनें आपल्या दोन्ही मुलांस त्या स्थानापर्यंत नेलें, तिनेंच परक्यांच्या मुलींसही तितक्याच मनापासून शिकविलें.

एलेना त्याच एप्रिलमध्यें तिसऱ्या क्रमांकावर पोंचली. त्याहून वर गेली नाहीं. २००९ च्या विंबल्डनच्या उपांत्य फेरींत सेरेना विल्यम्सशीं ती २ तास ४९ मिनिटें झुंजली. एक गुण मिळता तर सामना तिचाच होता. तो मिळाला नाहीं. ८-६ असा तिसरा सेट गेला. २९ ऑक्टोबर २०१० रोजीं दोहा येथील सामन्यानंतर तिनें मैदानावरच निवृत्ति जाहीर केली. वय एकोणतीस, क्रमांक अजून पहिल्या दहांत. सोळा एकेरी विजेतेपदें, एक कोटी चाळीस लाख डॉलरांहून अधिक पारितोषिकें, ऑलिंपिकचें एक सुवर्ण व एक रौप्य, आणि चार महास्पर्धांपैकीं एकही नाहीं, असा तो हिशेब आहे. पुढल्या वर्षीं तिचा विवाह झाला, आणि ती संसारांत रमली.

सुज्ञ वाचक म्हणतील, "नाकारलेलीं सर्वच मुलें अशीं निघतात काय?" मुळींच नाहीं. मॉस्कोंतील त्या दोन दारांवरून शेंकडों मुलें परत गेलीं असतील, आणि त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. निवडणाऱ्यांनीं निवड करूंच नये, असेंही आमचें म्हणणें नाहीं. जागा थोड्या असतात. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, एक उणीव म्हणजे सबंध माणूस नव्हे. घरांतील मूल गणितांत कच्चें असो, उच्चारांत असो वा हातानें असो. उणीव दूर होईल तर उत्तमच. न झाली तरी तिच्यासकट उभें राहण्याची मोकळीक त्या मुलास आपल्याकडून मिळाली पाहिजे. परीक्षकानें नाकारलें तर मूल चार दिवसांनीं विसरतें. घरच्या माणसाला किंवा गुरूला आपली लाज वाटते, हें एकदां त्याच्या लक्षांत आलें कीं, तें पंचवीस वर्षांतही विसरत नाहीं. आम्हांस हें एका छापखान्याच्या मालकानें शिकविलें.

आमच्या नातीचें पुढें काय झालें, हें विचारणारीं पत्रें येतील, म्हणून सांगून ठेवतों. ओळख काढावयाची नाहीं, असें आम्हीं पुतण्यास बजावलें. दुसरें मंडळ पाहण्याचें ठरलें आहे, पण सहामाहीनंतर. वहिनींचाही मान राहिला पाहिजे. तोंपर्यंत ती रोज सायंकाळीं दिवे लागण्यापूर्वीं पडवींत उभी राहून, चेंडू न घेतां, संथपणें रॅकेट फिरवीत असते. परवां शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अहो, ही पोर काय माशा हांकते आहे?" वहिनींनीं आंतूनच उत्तर दिलें, "माशा नव्हेत, काकू. ती पाठांतर करते आहे."